जुन्या नंबरवर मेसेज जाईल

फ्रिज एकदम धडधडून सुरू झाला आणि मी दचकले.

त्याआधी घरात कसलाच आवाज नव्हता. लेक आतल्या खोलीत झोपली होती, दोन्ही हात डोक्यावर, शरण आल्यासारखी. मी ओट्याशी उभी होते. ओटा पुसून झाला होता, दोनदा. दोन वाजून चाळीस मिनिटं. सकाळी अकराला बँकेतल्या काउंटरवरच्या बाईंनी माझा फॉर्म घेतला होता आणि म्हणाल्या होत्या, "संध्याकाळपर्यंत नवा नंबर लागेल, मॅडम. जुन्या नंबरवर तसा मेसेज जाईल."

जुना नंबर म्हणजे माझ्या नवऱ्याचा.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे साचे येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, बुडबुडा राहू देत नाही, वाळलं की हलक्या हाताने सोडवते. दिवसभर परक्यांची तोंडं माझ्यासमोर आ वासून बसलेली. ही नोकरी लागली तेव्हा पगारासाठी खातं उघडलं. लेक आठ महिन्यांची होती, माझ्या कडेवर. फॉर्म नवऱ्याने भरला. त्याने जिथे जिथे फुली मारली तिथे तिथे मी एका हाताने सही केली. मोबाइल नंबरच्या चौकटीत त्याने स्वतःचा नंबर टाकला. "तुझा फोन बाळ चघळतं, त्यात तू काय मेसेज बघणार?" म्हणाला. खरंच चघळायची.

पुढे तिला दात आले, पडायलाही लागले, पण नंबर तोच राहिला. पगार झाला की तो स्वयंपाकघरात येऊन सांगायचा, "झाला गं तुझा पगार." आणि मी म्हणायचे, "बरं."

हे असंच चालू राहिलं असतं. पण आमच्याकडे कवळ्यांना पॉलिश करणारी एक ताई आहे. सगळे तिला चकाकीताई म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा जेवता जेवता कोसळला. डोक्यात रक्ताची गाठ. हॉस्पिटलने आधी पैसे भरायला सांगितले. ताईच्या खात्यात अकरा वर्षांचा पगार होता, पण कार्ड कधी काढलेलंच नाही. सगळं नवऱ्याच्या फोनवर. आणि बँकेला नेमकी लागून तीन दिवस सुट्टी.

"फोन घेऊन आत गेले गं," कामावर परत आल्यावर ताईने पॉलिशचं मशीन बंद करून सांगितलं. "नर्सची पाठ वळली तशी ह्यांचा अंगठा धरला आणि फोनवर टेकवला. सलाइनने सुजलेला अंगठा. उघडेना. पाच वेळा टेकवला. फोन म्हणतो, पिन टाका. अंगठा ह्यांचा, फोन ह्यांचा, पैसे माझे, आणि मी तिथे उभी चोरासारखी."

"मग?"

"मग काय, तुझ्यासकट सगळ्यांपुढे हात पसरले. चौथ्या दिवशी बँक उघडली तर काउंटरवर वीस मिनिटांत पैसे मिळाले. माझंच ओळखपत्र, माझीच सही. इतकं सोपं होतं, आणि अकरा वर्षांत मला माहीतच नाही! बाराव्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी. मी म्हटलं, अहो, पिन काय?"

सगळी लॅब हसली. ताईसुद्धा.

"काय होता गं?"

"लग्नाची तारीख. ह्यांची, पोरांची, पहिल्या स्कूटरची, सगळ्या तारखा टाकून पाहिल्या होत्या मी. लग्नाची ह्यांनी तीस वर्षांत कधी लक्षात ठेवली नाही, म्हणून तेवढी सोडली." तिने डोळे पुसले तशी हातावरची पांढरी पूड गालाला लागली. "तू नंबर बदलून घे बाई. स्वतःचं कार्ड काढ. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते बघ. आणि नवऱ्याकडे काय काय आहे, कुठे आहे, तेही विचारून ठेव. त्याच्याही भल्याचं आहे, त्याला वाटलं नाही तरी."

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. तेव्हा लेकीच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक बसवत होता.

"म्हणजे मी आडवा झालो तर, असंच ना?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे की. शुभ बोल नाऱ्या!" तो हसला. मग चाक फिरवून पाहत म्हणाला, "बघू पुढच्या महिन्यात."

आमच्या घरात 'नाही' हा शब्द कुणी वापरत नाही. 'बघू' आहे. गॅलरीतला नळ 'बघू'वर दोन वर्षं गळतोय.

पुढचा महिना आला आणि गेला. आज मी दिवसभराची रजा टाकली.

बँकेत आधी पासबुक छापायला दिलं, पाच वर्षांत पहिल्यांदा. मशीन कर्र कर्र करत राहिलं, बाईंनी चार वेळा पान उलटलं. खरं सांगायचं तर मी चोर शोधत होते. सापडला असता तर किती सोपं झालं असतं. पण पानामागून पान वाचत गेले तर शाळेची फी, वीजबिल, दरमहा भरायची एक ठेव, तीही माझ्याच नावावर. मला पत्ताही नव्हता. इकडचा पैसा तिकडे नाही. फक्त एका ओळीवर बोट थांबलं. गेल्या वर्षी, माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, घड्याळाच्या दुकानाचं नाव. माझ्या मनगटावरचं हेच घड्याळ. "कशाला एवढा खर्च केलास?" मी तेव्हा म्हटलं होतं. "तुझ्याहून जास्त आहे का?" तो म्हणाला होता.

मला काउंटरवर हसूच आलं. 

"मिस्टरांना माहीत आहे ना?" बाईंनी विचारलं. "नंतर इथे येऊन भांडतात लोक, म्हणून विचारलं."

"माहीत आहे," मी म्हटलं. इतक्या सहज, की मलाच माझी भीती वाटली. फॉर्म मागे घ्यावा म्हणून काचेखालून हातही घातला. बाईंना वाटलं, पेन हवंय. त्यांनी पेन दिलं. मग मी कार्डाचाही अर्ज भरून टाकला.

आणि आता फ्रिज धडधडत होता आणि मी घरभर फिरत होते. वाळलेले कपडे आणले, घड्या घातल्या, लेकीचे फ्रॉक पुन्हा उलगडून बारीक घड्या केल्या. फोन उचलला. 'अरे, एक सांगायचं होतं' लिहिलं, खोडलं. 'रागावू नकोस' लिहिलं, तेही खोडलं. रागावण्यासारखं मी काय केलंय? आणि केलं नसेल तर लिहून खोडतेय कशाला? लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काम चालू असताना त्याचा फोन पिशवीत असतो, चहाच्या वेळीच बाहेर निघतो. चहा चारला. चार वाजले, सव्वाचार झाले. लेक उठली, दूध प्यायली, बिस्किट दुधात पडलं म्हणून रडली. मी चमच्याने बिस्किट शोधत होते तेव्हाही कान फोनकडेच.

पाच वाजता फोन वाजला.

"ऐक, घाबरू नकोस," तो म्हणाला. मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं. "तुझ्या खात्यावर कुणीतरी हात मारलाय. नंबर बदलल्याचा मेसेज आलाय. मी मित्राच्या फोनवरून बँकेला फोन लावलाय, खातं बंदच करायला सांगतो. तू कुणाला ओटीपी दिलास का?"

"अरे..."

"आठव नीट. कुणी गोड बोलून विचारलं असेल. लिंकबिंक उघडलीस का? तुझी चूक नाही गं, भलेभले फसतात."

त्याचा आवाज कापत होता. माझ्या पैशांसाठी. मी नुसती गप्प राहिले असते तर त्याने खातं बंद केलं असतं, उद्या आम्ही दोघं बँकेत गेलो असतो, त्याने पुन्हा स्वतःचा नंबर लावला असता, आणि वाचलो बाई म्हणून मीच त्याला चहा करून दिला असता. सगळं जिथल्या तिथे.

"बंद करू नकोस," मी म्हटलं. "मी बदललाय."

"काय?"

"नंबर. मीच. सकाळी बँकेत जाऊन."

 दुसऱ्या फोनमधून कुणी बाई विचारत होती, "सर, खातं बंद करायचं आहे का? सर?"

"नको," तो तिला म्हणाला. आणि माझा फोन कट केला.

सात वाजता आला. पिशवी नेहमी दाराशी टाकतो, आज हळूच ठेवली. तेच जास्त वाईट. लेक जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"पाच वर्षांत तुझा एक रुपया खाल्ला का मी?"

"नाही. आज पासबुक बघितलं ना मी..."

"तपासलंस पण?"

हे बोलायला नको होतं. पण आता बोलून गेले होते.

"विश्वास नाही म्हण की सरळ."

"विश्वास आहे रे. पण ताईच्या नवऱ्याचा अंगठा सुजला होता, आणि..."

"पुन्हा तो अंगठा! माझा अंगठा ठणठणीत आहे. हा बघ!"

त्याने खरंच अंगठा माझ्या नाकासमोर धरला. ग्रीसने काळा. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही दोघंही हसून लोळलो असतो.

"आणि हे घड्याळ," मी मनगट पुढे केलं. "हेही पासबुकात दिसलं."

तो एकदम थांबला. कान लाल झाले. "तेव्हा माझ्या खात्यात नव्हते," तो हळू आवाजात म्हणाला. "नंतर परत टाकणार होतो. राहून गेलं."

"मग सांगायचंस मला."

"सांगून कुणी वाढदिवसाची वस्तू आणतं का? आणि तू? तू सांगून केलंस? मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतंस म्हटलं. 'बघू' म्हटलं असतंस."

"मग घे!" आता तो ओरडला. "घे सगळं तुझ्याकडे! फी पण तूच भर, वीजबिलाची तारीख पण तूच लक्षात ठेव!"

"ठेवते. कधी असते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तरातरा गॅलरीत निघून गेला. दार आपटलं नाही, पण आपटावंसं वाटतंय एवढं कळेल इतक्या जोरात लावलं.

मी तिथेच उभी. मला खरंच माहीत नव्हतं, कधी असते.

"बारा तारीख!" बाहेरून आवाज आला.

मी कॅलेंडरवर बारा तारखेला गोल केला. गोल अंड्यासारखा आला. मग लेकीशेजारी खाली बसले. तिने रंगवणं थांबवलं होतं. हातात हिरवा खडू, ओठाला हिरवा डाग. मी पदराने... पदर कुठला, कुर्त्याच्या टोकाने तो पुसला. ती अंग चोरून माझ्या मांडीला टेकली.

"बाबा का ओरडले?"

"माझ्या पैशांचे मेसेज आता माझ्या फोनवर येणार ना, म्हणून."

"आधी कुठे यायचे?"

"बाबांच्या फोनवर."

"आणि बाबांच्या पैशांचे?"

"तेही बाबांच्याच."

"पहिल्यापासून?"

"हो, पहिल्यापासून."

तिने खडू खाली ठेवला. गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"मग तू कधीच कशी नाही ओरडलीस, आई?"