बाकावरचं जोडपं

सयाजीला जर्मन उत्तम येत होतं, फक्त तो ते कोणाला ऐकू देत नव्हता. पुस्तकं संपली होती, निबंध तर तो माझ्यापेक्षा बरे लिही. पण साहेबासमोर उभा केला की दातखीळ. मागच्या वर्षी जर्मनीला पाठवायच्या मुलाखतीत तो जर्मनीहून आलेल्या क्राउझेसाहेबांकडे इतका वेळ नुसता बघत राहिला, की शेवटी साहेबच लाजले.

यंदा ट्रेनिंगचे अर्जुनराव मला म्हणाले, "बाई, या खेपेला बोलला नाही तर नाव काढून टाकतो. नवीन ग्राइंडिंग मशीन येतंय. जो तिकडे शिकून येईल, त्याच्याच हातात देणार."

त्या मशीनचं चित्र सयाजीने दिघीच्या घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं. सकाळी गंध लावताना बोट चुकून तिकडेही जातं, असं त्याची बायको सांगत होती.

मी चिंचवडच्या त्या कारखान्यात मुळात टायपिस्ट. जर्मन शिकले ती मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं टाइप करता करता, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे तेल कधी घालायचं हे मी अस्खलित सांगे, पण "तब्येत कशी आहे?" म्हणायला अडखळायची. माझ्या विद्यार्थ्यांचंही तेच झालं. म्हणून मी फिल्मा आणायला लागले. पुण्याच्या जर्मन संस्थेतून दहा-पंधरा मिनिटांची छोटी फिल्म मिळायची, पत्र्याच्या गोल डब्यात. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले की कंडक्टर विचारी, "काय बाई, चकल्या का?"

पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये वर्ग. पडदा म्हणजे आमच्या घरची चादर. तिच्यावर हळदीचा एक न निघालेला डाग होता, त्यामुळे आमच्या जर्मनीत कायम ऊन असायचं.

"वर्ग आहे की टुरिंग टॉकीज?" अर्जुनराव म्हणायचे, आणि मागे उभं राहून पूर्ण फिल्म बघायचे.

क्राउझेसाहेब आले तेव्हा मीच विनंती केली, "मुलाखत केबिनमध्ये नको. वर्गात बसा, आणि फिल्मनंतर विचारा काय ते." साहेब तयार झाले. सयाजी पहिल्या बाकावर बसला. धुतलेला शर्ट, तोंडाला कुलूप.

फिल्म नवीन होती, मीही पाहिली नव्हती. दिवे घालवले, प्रोजेक्टर सुरू केला. चित्र आलं, आवाज नाही. वर्गातल्या ज्ञानदेवने प्रोजेक्टरला दोन थापट्या मारून पाहिल्या. काही नाही.

"झालं," अर्जुनराव पुटपुटले.

"चालू दे," मी म्हटलं. "काय चाललंय ते तुम्ही सांगा. जर्मनमध्ये."

पडद्यावर बसस्टॉप. बाकावर एक म्हातारा, शेजारी एक म्हातारी. दोघं समोर बघतायत. म्हातारीने पिशवीतून पाव काढला, कागद उलगडला आणि एकटीच खायला लागली. म्हाताऱ्याने एकदा पावाकडे पाहिलं आणि मान वळवली.

"नवरा-बायको," ज्ञानदेव जर्मनमध्ये म्हणाला. "भांडलेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

"नाही, नाही," साहेब हसले. "ते अनोळखी आहेत. म्हणून तर बोलत नाहीत."

"अशक्य!"

हा जर्मन शब्द कोणाचा म्हणून मी वळून पाहिलं. सयाजी उभा होता.

"अनोळखी असती तर तिने विचारलं असतं," तो म्हणाला. "शेजारी माणूस बसलाय, आणि एकटी कशी खाईल? अनोळखी माणसाला विचारावंच लागतं. नवऱ्यालाच फक्त विचारत नाहीत. तेही भांडण मोठं असेल तर."

व्याकरण मधूनमधून कोसळत होतं, पण गडी ढिगाऱ्यावरून पुढे येत होता.

"पण आमच्याकडे अनोळखी माणसाला कोणी विचारत नाही," साहेब म्हणाले.

"मग त्या माणसाने काय करायचं?"

"काही नाही. त्याला तशी अपेक्षाच नसते."

"त्याने पावाकडे पाहिलं, साहेब. मी बघितलं."

तेवढ्यात पडद्यावर बस आली. म्हातारी चढली, म्हातारा तिथेच बसून राहिला.

"बघा!" सयाजी ओरडला. "माहेरी गेली!"

माहेर जर्मनमध्ये सांगताना त्याने "आईचं घर" म्हटलं, आणि या वयात आई कुठून, असं साहेबांनी विचारल्यावर "मग भावाचं घर" अशी दुरुस्तीही केली. दोघं भांडत राहिले. फिल्म संपली, रीळ फडफडत फिरत राहिलं, दिवे लावायचं कोणाला सुचलं नाही.

शेवटी अर्जुनरावांनी बटण दाबलं. उजेड पडला तसा सयाजी एकदम भानावर आला आणि मटकन खाली बसला.

"न्हाई बाई, लई बोललो," तो हळूच म्हणाला. "साहेब रागावलं का?"

"बोललास ना? आता चहा पी."

चहा आला. साहेबांना कँटीनचं तिखट सोसत नसे, ते स्वतःचा डबा आणायचे. त्यांनी कागद उलगडला, त्यातून पाव काढला, पहिला घास घेणार तोच थांबले. शेजारी सयाजी अगदी नेटाने समोर बघत बसला होता.

साहेबांनी पाव मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"घ्या," ते म्हणाले, "नाहीतर तुमच्या लोकांना वाटायचं आपलं लग्न झालंय."

सयाजीने घेतला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. बायकोने शुभशकुन म्हणून दिलेली शेंगदाण्याची वडी होती. तिचे दोन तुकडे करून मोठा त्याने साहेबांना दिला.

"तिकडे थंडी फार असते," वडी चावत साहेब त्याला सांगू लागले. "स्वेटर इथूनच घेऊन या."