काळे पट्टे नसलेलं पिल्लू

"बाबा, तिसरं निघालं. ह्याले रंगच नाई," चार वर्षांच्या दीपिकानं सकाळीच वर्दी दिली.

तिचा बाप प्रफुल पोंभुर्ण्यात मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि घरी लेपर्ड गेको, म्हणजे मोठेपणी ठिपके येणाऱ्या परदेशी पाली पाळायचा. अंडी थर्माकोलच्या डब्यात, बल्बच्या उबेला. "लोकं कोंबड्या पाळते, आमच्या इथी पाली," हे त्याची आई सुगंधाबाई येईल-जाईल त्याला ऐकवायची.

त्याची बायको रंजीता डब्यावर वाकली. आधीच्या दोन पिल्लांवर काळे-पिवळे पट्टे ठसठशीत होते. हे मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं.

"कात टाकू दे," नवरा म्हणाला. "त्याच्याआधी रंग सांगाचा नाई."

वाट बघणं रंजीताला नवं नव्हतं. तिला तिसरा महिना होता. तिच्या रक्तात सिकलसेलचा दोष निघाला होता. तिला त्रास काहीच नव्हता, पण नवऱ्यातही तो असला तर बाळ आजार घेऊन जन्मू शकत होतं. हाडं दुखून विव्हळणारा मामेभाऊ तिनं पाहिला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनं नवऱ्याला रक्त तपासायला आणायला सांगून महिना झाला. प्रफुलचं एकच, "दीपिकाचा रिपोर्ट चांगला आला ना? मंग मले काय होते?"

दुपारी पिल्लानं कात टाकली आणि खाऊनही टाकली. खालून पट्टे निघाले ते फिके तपकिरी. काळं कुठेच नाही.

"गरमीनं झालं," प्रफुल म्हणाला. "अंडी जास्त तापली का काळा रंग उतरते."

"पहिले दोन कोणत्या डब्यातले?"

"ह्याच."

"मंग त्यायचा काऊन नाई उतरला?"

प्रफुलनं मान खाजवली. "डोळे पाहा लागते."

त्यानं मोबाइलचा उजेड तिरपा धरला. तिघांची डोकी डब्यावर एकमेकांना टेकली. पट्टेवाल्यांचे डोळे काळेभोर, ह्याचे लालसर.

"अल्बिनो आहे, अंगात काळा रंगच बनत नाई," प्रफुल खुशीत म्हणाला. "म्हणजे हा गुण नरातही होता, मादीतही. दोघांकडूनही आला तवाच दिसते."

"पण दोघंही तर साधेच आहेत."

"वरून समजतच नाई ना. चारात एखादं असं निघते."

"आन पहिले दोन चांगले निघाले, म्हणून आपण समजलो का नर-मादीत काहीच नाई."

प्रफुल उजेड तसाच धरून राहिला.

"बाबा, त्याच्या डोळ्याले लागून राह्यलं," दीपिका म्हणाली. त्यानं मोबाइल खाली घेतला.

"तू मले बरोबर घेरलं," तो बायकोला म्हणाला.

"मी काय केलं? तुमीच सांगून राह्यले."

"सुई मोठी असते का?"

"बोटाले टोचते. दीपिका रडलीही नव्हती."

तो डब्याचं झाकण बसवत राहिला. "माझ्यात निघालं तर?"

"तर बाळाचं आत्ता तपासता येते. मंग उशीर होईल."

"दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असते?"

"पाच."

सुगंधाबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय निघालं रे?"

"अजून पाहाचं आहे, माय," प्रफुल म्हणाला आणि खुंटीवरचा शर्ट काढला.