पुसलेले ठिपके

बोटीच्या तळाचं यंत्र समुद्रतळावर आवाज पंख्यासारखा पसरतं, आणि परत आलेल्या प्रत्येक प्रतिध्वनीचा एक ठिपका होतो. त्या लाखो ठिपक्यांतून कचरा काढून तळाचा नकाशा करायचा, हे तिचं काम. मासे, बुडबुडे, बोटीच्या पंख्याची खळबळ. नऊ वर्षांत कचरा तिला नुसत्या नजरेनं कळायचा.

त्या सकाळी ती बंदरात शिरण्याच्या जलमार्गाला लागून असलेला नवा पट्टा तपासत होती. अगदी कडेला सात ठिपके दिसले, एकावर एक उभे. तिचा हात माउसवरच थबकला. असेच ठिपके तिनं मागच्या आठवड्यात जलमार्गाच्या पट्ट्यातून मासे म्हणून पुसले होते. तिनं ते परत आणले, दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवले. जागा तीच. मासे आठवडाभर एका जागी उभे राहत नाहीत.

नकाशात तिथे चौदा मीटर खोली लिहून गेली होती. या ठिपक्यांचं वरचं टोक नऊ मीटरवरच होतं. आणि आज त्याच वाटेनं पाण्याखाली बारा मीटरपर्यंत तळ जाणारं जहाज तिचा दीर आत आणणार होता. मोठी जहाजं बंदरात आणणं हीच त्याची नोकरी.

साहेबांचा फोन लागेना. तिनं दिराला लावला.

“भावजी, कुठे आहात?”

“जहाजावर. वीस मिनिटांत आत शिरतोय. का हो वहिनी?”

“शिरू नका. खाली काहीतरी उभं आहे. मीच पुसलं होतं.”

“खात्री आहे?”

“नाही. पण शिरू नका.”

“बरं. वळवतो.”

तिनं पडद्यावर जहाजांची जागा दाखवणारा नकाशा उघडला; त्याच्या जहाजाचा बाण पुढेच सरकत राहिला. एवढं अवजड धूड लगेच थोडंच थांबतं! ती खुर्चीची कड घट्ट धरून बघत राहिली. अकरा मिनिटांनी, जलमार्गाच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल बोयाच्या अलीकडे, बाण हळूच वळला. तिला रडू फुटलं.

दुपारी पाणबुडे उतरले. गाळात रुतलेला लोखंडी पाइप, सरळ उभा.

“वहिनी, माझे उरलेले केस आज पिकवलेत,” दीर फोनवर हसला. तिला हसता आलं नाही.

साहेब रागावले नाहीत. टेबलाशी येऊन त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं, “नऊ वर्षांत असं अजून काय काय पुसलं असेल?”

तिनं पहिल्या वर्षाची फाइल उघडली.