वाचणाऱ्याने पुसायचं

मित्रांनो, फळा व्हायचं माझ्या नशिबात नव्हतं. मी मुळात एका मोठ्या लाकडी खोक्याचं झाकण. नारपोलीच्या एका लूम कारखान्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, यंत्राचे सुटे भाग घेऊन आलो. खोकं फुटलं, मी मात्र शाबूत राहिलो. लडकू सुतारांनी मला रंधा मारला, काळा रंग दिला, भिंतीवर टांगलं. झालं, मी फळा!

तिथे खडखडाट असा, की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नसे. म्हणून पाळी संपताना कारीगर माझ्यावर लिहून ठेवायचे. 'सहा नंबरवर धागा तुटतोय.' 'चार नंबरला तेल द्या.' आणि एक रीत होती. लिहिणाऱ्याने कधी पुसायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस येणार, वाचणार आणि तोच पुसणार. पुसलं म्हणजे समजलं. फळा कोरा दिसला की जाणारा निर्धास्त घरी जायचा.

पंढरी नावाच्या कारीगराची लेक दिपाली त्याचा डबा घेऊन यायची. पंढरी तिला उचलून धरायचा. ती एकेक अक्षर लावत वाचायची आणि मग इवल्या तळहाताने सगळं पुसायची. इतक्या मायेने माझ्यावर हात कुणी फिरवला नाही.

पुढे लूम भंगारात गेले. पंढरी पूर्णा गावच्या गोदामात कामाला लागला. मी भंगारवाल्याच्या दारात उन्हात पडलो. कोणी माझ्यावर पान खाऊन थुंकलंसुद्धा. जाऊ दे ते. त्याच गल्लीत इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या जाहिदा मॅडमनी मला उचललं, नवा रंग दिला. आणि पहिल्याच दिवशी वर्गात कोण आलं म्हणता? दिपाली! नववीतली, दोन वेण्यांची. माझ्या जुन्या खिळ्याच्या भोकावर बोट ठेवून ती हसली. ओळख पटली.

दिपालीच्या मनात एकच होतं. शनिवारी छोट्या मुलांना शिकवायचा मान मॅडम मोठ्यांपैकी एकाला देणार होत्या, तो तिला हवा होता.

एके दिवशी मॅडमनी लाल खडूने दोन वाक्यं लिहिली. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ.' 'ट्वेल्व्ह अवर्स इज अ लाँग टाइम.' रुपये अनेक, तास अनेक, तरी 'आर' का नाही, यावर विचार करा म्हणाल्या आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या. मुलं मान मोडून उतरवू लागली. दिपालीने मात्र दोनदा वाचलं, मान डोलावली, उठली आणि डस्टरने सगळं साफ!

"अगं ए, माझं अर्धंच झालं होतं," सार्थक म्हणाला. "तुझी काय शिफ्ट सुटली?"

सगळे हसले. मॅडम आत आल्या, कोऱ्या फळ्याकडे बघत राहिल्या.

"मी लिहिलेलं तुला नको असेल, तर तोंडाने सांगायचं, दिपाली. शनिवारी सार्थक शिकवेल."

तिचा चेहरा पडला. डस्टर खाली ठेवून ती जागेवर जाऊन बसली. मला सगळं ठाऊक होतं, पण फळ्याला तोंड कुठून असणार? माझ्यावर कोणी लिहिलं, तरच मी बोलणार.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. तीच दोन वाक्यं माझ्यावर जशीच्या तशी लिहून बाजूला उभी राहिली. मॅडमनी विचारलं, आता हे काय?

"काल मी मस्ती नाही केली, मॅडम. बाबांच्या लूमवर वाचणाऱ्यानेच पुसायचं असायचं. मला समजलं, म्हणून हात गेला. बाकीच्यांचं राहिलंय, हे बघायला हवं होतं."

मॅडम पहिल्या बाकावर बसल्या. "बरं, समजलं काय ते सांग."

"बारा तास म्हणजे एक पाळी. बाबा एकेक तास वेगळा करून नव्हते ना जगत, पाळी अख्खी अंगावर यायची. म्हणून इज. पाचशे रुपयांचंही तसंच, ती एक रक्कम."

"आणि टेबलावर सुटी नाणी पसरली असतील तर?"

"मग नाणी अनेक, मॅडम. तिथे आर."

मॅडम बाकावरून उठल्या. मग सार्थकला म्हणाल्या, "तू उतरव आधी." त्याचं झाल्यावर त्यांनी स्वतः डस्टर उचलून दिपालीच्या हातात दिला.

त्या शनिवारी सार्थकऐवजी माझ्यापुढे दिपाली उभी होती. तिने छोट्यांना आधी रीतच सांगितली. लिहिणाऱ्याने पुसायचं नाही. समजावून सांगेल त्याने पुसायचं, तेही सगळ्यांचं उतरवून झाल्यावर. तेव्हापासून डस्टरसाठी वर्गात नुसती झुंबड असते.

मित्रांनो, माझा रंग आता पुन्हा उडू लागलाय, एक कोपरा वाळवीने धरलाय. मागणं फार नाही. मला खुशाल पुसा, कोरं होण्यातच माझा आनंद आहे. पण आधी वाचा. न वाचता पुसलंत, तर लिहिणारा निर्धास्त घरी कसा जाईल?