पटाशीच्या खुणा

या, अशा जवळ सरकून बसा. आमच्या धर्मगुरूंना, किआईंना, यायला अजून अवकाश आहे आणि डफांची कातडी निखाऱ्यांवर शेकतायत. ताणल्याशिवाय ती काही बोलायची नाहीत. तोवर आमच्या जेपारा गावातल्या सहा टेबलांची गोष्ट सांगते. गोड नाही हं, आधीच सांगून ठेवते.

माझ्या भिंतीपलीकडचे पाक वाकिजान सागवानावर कोरीव काम करायचे. मोठ्या माणसाला आम्ही मानाने पाक म्हणतो, बाईला बु. त्यांनी कोरलेलं त्यांची बायको सार्मिनी घासायची. आमच्याकडे वाटणीच तशी आहे. पुरुषाने पटाशी चालवायची, बाईने पॉलिश पेपर. लाकडावर पटाशीची एक जरी खूण राहिली, तरी गल्ली हसते ती बाईला. चाळीस वर्षांत सार्मिनीला कुणी हसलं नव्हतं. त्यांचं एकच मूल झालं, तेही चाळीस दिवसांचं होऊन गेलं. पण त्याच्यावरून दोघं एकमेकांना अजून 'पाकने' आणि 'बुने' म्हणत. बाळाचा बाप, बाळाची आई.

अलीकडे वाकिजानचा उजवा हात थरथरायला लागला होता. पहाटेच्या नमाजानंतर तासभर तेवढा स्थिर राहायचा. नाक्यावरच्या कारखान्याचा मालक दोनदा येऊन गेला होता. "पाक, आता कोरायला मशीन आहे. तुम्ही नुसत्या फळ्या भरायच्या." वाकिजान त्याला चहा पाजायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. पटाशी सोडून मशीनला फळ्या भरवणं म्हणजे त्यांना जिवंतपणी मातीत जाण्यासारखं होतं.

अशात जकार्ताहून बु रतिह आल्या. श्रीमंतांची घरं सजवणाऱ्या बाई. त्यांना कोचाशेजारी ठेवायची छोटी टेबलं हवी होती, कमळाच्या पानाच्या आकाराची, सहा.

"पाक, पटाशीचा घाव न् घाव दिसू दे. हात फिरवला की कळलं पाहिजे, माणसाने केलंय. घासायचं मात्र नाही. ही पसंत पडली, तर पुढे तुमच्याच हातची घेत जाईन. कितीही वेळ लावा."

चार महिने वाकिजान रोज तो पहाटेचा एक तास कोरत राहिले. खुणा अशा पडल्या होत्या, जशा वाऱ्याने तळ्यावर पडाव्यात. पण तुझं काम नको, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार?

"बुने, या खेपेला तू हात लावू नकोस. खोकला बघ किती झालाय."

"चाळीस वर्षं धूळ खाल्ली, तेव्हा नाही दिसला खोकला! म्हातारी झाले म्हणा की सरळ."

"झालीसच. मी काय तरणा राहिलोय?"

दोघं हसली आणि बोलणं तिथेच राहून गेलं.

त्या गुरुवारी इथेच, अशाच बैठकीत, किआईंनी गाऊन सांगितलं, की दुसऱ्याला बोचणारं काही दूर करणं हीसुद्धा देवाची इबादतच. काय गळा लागला होता म्हणून सांगू! माझ्या हातातला डफ थांबला. शेजारी सार्मिनी मान डोलवत होती. मला वाटलं, सुरात रमलीय.

दुसऱ्या दिवशी वाकिजान पुतण्याच्या लग्नाला गावी गेले. दोन दिवस भिंतीपलीकडून खसाखस ऐकू येत होतं. प्रत्येक हाताला एक सुभानल्लाह. मी डोकावले.

"अगं, किती घासशील?"

ती जवळ येऊन कुजबुजली, "पाकनेचा हात गेलाय गं. सगळं खडबडीत राहिलंय. लोक नावं ठेवतील त्यांना. कुणाला कळायच्या आत पुसून टाकते."

घासू नका, हे बु रतिहचं म्हणणं मला तरी कुठे ठाऊक होतं? मी उलट तिला नवा पॉलिश पेपर आणून दिला.

तिसऱ्या दिवशी वाकिजान परतले, ते बु रतिहच्याच गाडीतून. वाटेत भेट झाली होती. वाकिजाननी एका टेबलावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"छान केलंस, बुने."

बु रतिहनी तळवा फिरवला. "पाक, हे तर मशीनचं वाटतंय! मी काय सांगितलं होतं?"

सार्मिनी चहाचं तबक घेऊन दारातच उभी राहिली.

"माझीच चूक, बु," वाकिजान म्हणाले. "खुणा ठेवायच्या होत्या. सवयीने घासून घेतलं."

"बरं, दुसरी करा. मी थांबते."

"इन्शाअल्लाह," वाकिजान म्हणाले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत.

पहाटे त्यांनी पटाशी धरली. तो एक तासही आता हात स्थिर राहिना. लाकडावर नुसते ओरखडे उठले. चौथ्या दिवशी त्यांनी पटाशा तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि ईद झाल्यावर कारखान्यात जायला लागले. तिथलं मशीन हल्ली बु रतिहची टेबलं कोरतं, पटाशीच्या खुणांसकट. सगळ्या खुणा सारख्या. फळ्या वाकिजान भरतात.

"पाकने, एकदा तरी ओरडा हो माझ्यावर," सार्मिनी म्हणते.

"कशाला? एवढं गुळगुळीत लाकूड अख्ख्या जेपारात कुणाकडे नाही."

आणि ती उठून चुलीपाशी जाते.

ती बघा, खांबाला टेकून बसलीय. सूर लागला, तरी मान डोलवत नाही आता. अंगठा तेवढा बोटांवर घासत असतो. किआई आले वाटतं, डफ द्या इकडे. एवढंच करा, कधी छोट्या टेबलावर कप ठेवलात आणि हाताला कुठे काही बोचलं नाही, तर आमच्या सार्मिनीची आठवण काढा.