बट्टा विचारायची सवय

आनंदीबाईंच्या पत्राला अनंतपंतांनी उत्तर धाडलेच नव्हते. बाई सासवडच्या, पंतांचा जुना शिष्य दीनानाथ, त्याची विधवा. त्यांनी सरळच विचारले होते, 'आपण त्यांना नाण्यांची पारख शिकवली, बट्टा शिकवला. तरी सराफ देईल ते घेऊन ते घरी येत. आता व्यवहार माझ्याकडे आला आहे. शिकून खरोखर उपयोग होतो का? होत असेल तर सदाशिव पेठेत भावाकडे राहून आपणांकडे शिकेन.'

पंत उत्तर लिहायला बसत आणि बोरू खाली ठेवत. पुण्यात नाना मुलखांची नाणी चालत. ती बदलून देताना सराफ कापून घेई तो बट्टा. दीनानाथाला तो तोंडपाठ होता. मग खोट शिकवण्यात, की शिकवणाऱ्यात? शनिवार पेठेतल्या त्या खोलीत विचारायला दुसरे कोणी नव्हते. शिष्य केव्हाच पांगले होते. संध्येचे मंत्र सोडले तर पंतांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

एके सकाळी ते रुपये मोडायला गेले. सराफाने मान वर न करता सुटे पैसे पुढे सरकवले. बट्टा दुप्पट कापला होता. पंतांना ते तिथल्या तिथे कळले, आणि नेहमीप्रमाणे मूठ मिटून ते वळले.

पायरीवर त्यांचे पाय थबकले. लहानपणी दीनानाथ त्यांच्याबरोबर इथे येत असे. कळले तरी गप्प राहायचे, हे तो इथेच पाहून शिकला होता.

पंत माघारी फिरले.

"शेटजी, बट्टा... किती धरलात?"

"अरे वा! पंत, आम्हांला वाटे आपले मौनव्रत आहे."

शेजारचे गिऱ्हाईक फिस्सकन हसले.

"सुटले व्रत. बट्टा सांगा."

सराफाने मुकाट्याने आणखी पैसे टाकले.

पंत घरी पोचले. हे कुणाला सांगावे, तर घरात कोणी नाही. त्यांनी बोरू घेतला.

'नुसती पारख शिकून भागत नाही. दीनानाथ माझ्याकडून पारख शिकला आणि माझी भीडही. आपण अवश्य यावे. पहिल्या दिवसापासून सराफापुढे उभे राहून मोठ्याने विचारायचे. मी शेजारी असेन. मलाही सवय हवी आहे.'

शेवटची ओळ खोडावी की ठेवावी, हे त्यांना ठरवता येईना. अखेर ती तशीच ठेवून ते स्वारगेटाच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि सासवडला निघालेल्या जासुदाच्या हाती त्यांनी पत्र दिले.