निळ्या पट्टीची गाडी

मी एक गाडी आहे. चार दारांची, मातकट रंगाची, मागचं डावं दार आतून न उघडणारी. टेक्सासमधल्या एका लष्करी छावणीच्या गावात माझं सगळं आयुष्य गेलं. तिथे गाडीची प्रतिष्ठा तिच्या रंगावर किंवा किमतीवर नव्हती. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात छावणीचा परवाना चिकटवलेला असे आणि त्याखाली बोटभर पट्टी. लाल पट्टी म्हणजे शिपाई आणि सार्जंट, निळी म्हणजे अधिकारी. फाटकावरचा पहारेकरी माणसाच्या तोंडाआधी पट्टी बघायचा. निळी दिसली की सलाम.

माझी पट्टी लाल होती. रणगाडे दुरुस्त करणाऱ्या सार्जंट वेंडेल तिबोनं मला लग्नाच्या वर्षी घेतलं. तो लुइझियानाचा, दर सोमवारी राजमा-भात हवाच. त्याची बायको लोरेना सान अँटोनियोची. ती एका वृद्धाश्रमात मदतनीस होती. पण तिला नर्स व्हायचं होतं, आणि तेही लष्करातली. जखमी होऊन आलेल्या माणसाशी कुणीतरी घरच्यासारखं बोललं पाहिजे, असं ती म्हणायची.

नर्सिंगची पदवी असली की लष्करात थेट अधिकारी म्हणून घेतात. म्हणजे लोरेना नवऱ्याच्या वर जाणार होती. अधिकाऱ्यानं शिपायाशी लग्न करायला मनाई असते, पण यांचं लग्न आधीचं असल्यामुळे अडचण नव्हती. दोघांनाही हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्यावरून दोघं माझ्यात बसून हसायचे.

कॉलेज शेजारच्या गावात होतं. वेंडेल गाडी चालवायचा आणि लोरेना मागच्या सीटवर पुस्तकं पसरून बसायची. सिग्नल लाल झाला की तो एक प्रश्न विचारायचा. शेवटी शेवटी तर हाडांची नावं तिच्याआधी त्यालाच सुचायला लागली. परीक्षेच्या दिवसांत ती पुस्तकावर डोकं टेकून झोपून जाई. मग तो खड्डा चुकवायला इतका हळू जाई, की मागचे लोक भोंगे वाजवून थकत.

लोरेनाला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला त्या दिवशी वेंडेलनं ब्लेडनं माझी लाल पट्टी खरवडली आणि निळी लावली. नंतर बराच वेळ तो अंगठ्यानं आतली हवा काढत बसला होता. एकही फुगा त्याला चालेना.

घोळ झाला तो पुढे. घरात गाडी मी एकटीच. वेंडेलला कवायतीला अंधारातच निघावं लागे, म्हणून मी त्याच्याकडे. लोरेनाची ड्यूटी उशिरा सुरू होई. ती हॉस्पिटलातल्या मैत्रिणीबरोबर जायची. पहिल्याच सकाळी फाटकावरच्या पोरानं निळी पट्टी पाहिली आणि कडक सलाम ठोकला.

वेंडेलनं ब्रेक दाबला, काच खाली केली. "हात खाली घे रे. मी सार्जंट आहे. पट्टी बायकोची आहे."

"मग मी काय करू, सार्जंट?"

"ते मलाही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी पहारेकरी दुसरा, सलाम तोच. बातमी वेंडेलच्या रणगाडा-दुरुस्तीच्या कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. वेंडेलचा जुना दोस्त होबार्ट माझ्या टपावर कॉफीचा पेला ठेवून विचारायला लागला, की घरी कचरा टाकायला सांगितलं तर 'हो, मॅडम' म्हणावं लागतं का. वेंडेल म्हणाला, "लग्नापासून तेच म्हणतोय. आता त्यावर सरकारी शिक्का बसला, एवढंच."

सगळे हसले, तोही हसला. पण माझ्यात येऊन बसला तेव्हा तो हसत नव्हता.

मग तो मला फाटकाबाहेरच्या टायरवाल्याच्या अंगणात उभी करायला लागला आणि कारखान्यापर्यंत चालत जायला लागला. पावसात, उन्हात, रोज. घरी काही बोलला नाही.

लोरेनाच्या मनात आधीच धाकधूक होती. कारखान्यातल्या शुक्रवारच्या जेवणाला आता तिला जाता येत नव्हतं. अधिकाऱ्यांनी शिपायांत मिसळायचं नसतं. होबार्टची बायको बाजारात भेटली तर 'मॅडम' म्हणून बाजूला झाली. त्यात एके दिवशी मैत्रिणीच्या गाडीतून जाताना तिला टायरच्या ढिगाशेजारी मी दिसले.

त्या संध्याकाळी ती दुसऱ्या किल्लीनं दार उघडून माझ्यात येऊन बसली. वेंडेल घामेजलेला आला, तिला बघून थबकला, आणि आपल्या जागी बसला.

"किती दिवस चालतोयस?"

"सकाळची हवा बरी असते."

"वेंडेल."

समोरच्या टायरांकडे बघत ती म्हणाली, "मी उद्या जाऊन राजीनाम्याचं विचारते. नर्स काय, बाहेरच्या हॉस्पिटलातही होता येतं. माझ्यामुळे तू चोरासारखा ये-जा करायची नाही."

"चोरासारखंच वाटतं, म्हणून तर चालतो."

तिनं मान वळवली.

"तो सलाम तुझा आहे, लोरी," तो म्हणाला. "त्यासाठी तू काय काय केलंस ते मी या आरशात बघितलंय. आणि तू फाटकावर पोचायच्या आधी रोज सकाळी मीच तो घेऊन मोकळा होतो. मला तुझी लाज नाही वाटत गं. मला तो घ्यायचा नाही. तुला मिळताना बघायचाय."

लोरेनानं बाहीनं नाक पुसलं. "हे घरी सांगता येत नव्हतं?"

"घरी तू झोपलेली असतेस."

ती हसली, मग रडली, मग तिनं हात पुढे केला. "तुझीही किल्ली दे. उद्यापासून मी चालवणार."

दुसऱ्या दिवशी, ड्यूटी उशिरा असूनही, ती त्याच्याबरोबर उठली आणि गणवेश घालून स्टिअरिंगसमोर बसली. फाटकावर सलाम आला. तिनं तो परत केला. शेजारी वेंडेल टोपी मांडीवर धरून सरळ समोर बघत होता. गाल मात्र त्याच्या ताब्यात नव्हते.

कारखान्यापाशी होबार्ट आणि मंडळी कॉफी पीत उभी होती. गणवेशात, उघड्यावर, अधिकारी समोर असला की सलाम करावाच लागतो. लोरेना दार उघडून बाहेर आली खरी, पण कुठे बघावं ते तिला कळेना. वेंडेल माझ्या पुढून वळसा घालून तिच्यासमोर आला, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला. मी छावणीत इतके सलाम पाहिले, इतका सरळ हात दुसरा पाहिला नाही.

"शुभ सकाळ, मॅडम."

लोरेना ताठ उभी राहिली. मग तिचाही हात वर गेला. "शुभ सकाळ, सार्जंट."

मागे होबार्टनं पेला खाली ठेवला. त्याचाही हात वर गेला, मग बाकीच्यांचेही.

राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. लोरेना मेजर होऊन निवृत्त झाली. छावणीच्या त्या पट्ट्याही आता बंद झाल्या. मी घरामागे उभी असते. इंजिन कधीचंच गेलंय. उद्या भंगारवाला येणार आहे.

आज सकाळी लोरेना बादली आणि फडकं घेऊन आली आणि मला आतून-बाहेरून पुसायला लागली. वेंडेल काठी टेकत आला, म्हणाला, उद्या दाबून पत्रा करणार तिचा, कशाला कष्ट? ती म्हणाली, वॉर्डात आपल्या हातून गेलेल्याला मी कधी न पुसता पाठवलं नाही. मग तो माझ्या उघड्या दाराच्या कडेवर बसला आणि फडकं पिळून देत राहिला.

मला न्यायला येणाऱ्या दादा, घाई असेल तुला. पण साखळी जरा हळू ओढ. ती दोघं पडवीत उभी असतील.